दार आतून बंद करण्याची सोय

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची सही, इतक्या झपाट्याने. रमी असो, पोकर असो की क्रिकेटचा संघ लावून पैसे मिळवण्याचं ॲप असो, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, आणि बँकांना असे व्यवहार पुढे पाठवायला मनाई. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. त्याला गुन्हेगार न मानता नुकसान झालेला माणूस मानलं, हे शहाणपणाचं झालं.

आपल्या मोहल्ल्यांत या कायद्याचं स्वागतच झालं. "आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलं ते सरकारला आत्ता कळलं," हे वाक्य जुम्म्याच्या नमाजनंतरच्या गप्पांत मी स्वतः ऐकलं आहे. त्यातलं समाधान समजण्यासारखं आहे. सूरह बकरा आणि सूरह माइदा या दोन्हींत दारूसोबत 'मैसिर'चं, म्हणजे जुगाराचं, नाव घेतलेलं आहे, आणि त्याबद्दल कोणत्याही मसलकचा मतभेद नाही. पण या समाधानात एक प्रश्न मागे राहून जातो. दुकान बंद झालं. ज्याला त्या दुकानाची सवय लागली होती त्याचं काय?

आमच्या भागातला पंचविशीचा एक मुलगा पार्सल पोहोचवण्याचं काम करतो. बंदीनंतर त्याचं जुनं ॲप बंद पडलं. थोड्याच दिवसांत टेलिग्रामच्या एका ग्रुपवरून दुसऱ्या साइटची लिंक आली. ती कुठल्या देशातून चालते हे त्याला माहीत नाही, आणि पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर पाठवावे लागतात. त्याने मला विचारलं, "भाई, तुम्ही कॉम्प्युटरवाले. असं काही करता येतं का, की मी उघडायला गेलो तरी ते उघडणारच नाही?"

हा प्रश्न विचारणारा मुलगा जुगाराची बाजू घेत नव्हता. हराम-हलाल त्याला शिकवायची गरज नव्हती. त्याला स्वतःपासून स्वतःला वाचवायचं होतं आणि त्यासाठी तो साधन मागत होता. जगात या साधनाला नाव आहे, नियम आहेत आणि जवळजवळ तीस वर्षांचा अनुभव आहे. मराठीत आपण त्याला स्व-बंदी म्हणू.

स्व-बंदी म्हणजे काय

कल्पना सोपी आहे. डोकं शांत असताना माणूस लिहून देतो की ठरावीक काळ मला खेळू देऊ नका. नंतर तलफ आल्यावर तो स्वतः परत आला, तरी समोरच्याने त्याला आत घ्यायचं नाही. सकाळी घेतलेला निर्णय रात्री दोन वाजता मोडता येऊ नये, यासाठी ही व्यवस्था असते.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने १९९६ मध्ये संपूर्ण राज्यासाठी अशी यादी सुरू केली. नाव एकदा लिहिलं की राज्यातल्या कुठल्याही कॅसिनोत आयुष्यभर प्रवेश नाही. पण त्यात एक खोट होती. यादीतला माणूस कॅसिनोत सापडला, तर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा त्याच्यावरच नोंदवला जाई. मदत मागायला आलेल्याच्या हातात बेड्या पडण्याची भीती, आणि मुदत आयुष्यभराची. पुढे नियम बदलून पाच वर्षांनंतर नाव काढून घेण्याचा अर्ज करण्याची मुभा दिली गेली.

ब्रिटनने ऑनलाइन जुगारासाठी २०१८ मध्ये 'गॅमस्टॉप' नावाची नोंदवही सुरू केली. ३१ मार्च २०२० पासून ऑनलाइन परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीला तिच्याशी जोडून घेणं सक्तीचं झालं. एका ठिकाणी नाव नोंदवलं की परवानाधारक सगळ्या साइट्स बंद. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, आणि मुदत संपण्याआधी नोंद मागे घेता येत नाही. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. मुदत संपली की दार आपोआप उघडत नाही. माणसाने स्वतः संपर्क करून 'माझी बंदी काढा' असं सांगावं लागतं आणि त्यानंतरही २४ तास थांबावं लागतं. काहीच केलं नाही, तर बंदी चालू राहते. ज्या ॲपमध्ये पैसे भरण्याचं बटण मोठं, हिरवं आणि समोर असतं, आणि खातं बंद करण्याचं बटण पाच पडद्यांच्या मागे लपवलेलं असतं, त्याच्या बरोबर उलटी ही रचना आहे. कोणतं काम सोपं ठेवायचं आणि कोणतं अवघड, हे कोणीतरी बसून ठरवतं. ते माणसाच्या भल्यासाठीही ठरवता येतं.

स्वीडनने १ जानेवारी २०१९ पासून 'स्पेलपाउस' ही यादी आणली. तिथे खेळाडूची ओळख राष्ट्रीय क्रमांकावरून पटवली जाते, त्यामुळे स्पेलिंग बदलून किंवा नवा ई-मेल काढून निसटणं अवघड जातं. ब्रिटनमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता, ई-मेल अशा गोष्टी जुळवून माणूस ओळखला जातो; तिथे पळवाटा जास्त आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'बेटस्टॉप' सुरू केलं. त्यात तीन महिन्यांपासून आयुष्यभरापर्यंत मुदत निवडता येते.

आपल्या समाजाला सर्वात जवळचं वाटेल ते सिंगापूरचं उदाहरण. तिथे २०१० मध्ये दोन मोठे कॅसिनो उघडले, पण त्याआधीच, २००५ मध्ये, जुगाराच्या व्यसनावर काम करणारी राष्ट्रीय परिषद नेमली होती. तिथे माणूस स्वतः बंदी मागू शकतोच. शिवाय आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं हेही अर्ज करू शकतात. अर्ज आल्यावर नेमलेली समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. दिवाळखोर ठरलेल्या आणि सरकारी आर्थिक मदतीवर जगणाऱ्या माणसांना तर कायद्यानेच प्रवेश बंद आहे. नागरिकांना आत जायचं असेल तर २४ तासांसाठी आधी १०० डॉलर, आणि २०१९ पासून १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात. परदेशी पाहुण्याला ते नाहीत.

हे कुठे अपुरं पडतं

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नोंदवही फक्त परवानाधारकांना बांधते. ब्रिटनमध्ये परवाना नसलेल्या साइट्स 'आम्ही गॅमस्टॉपवर नाही' हीच आपली जाहिरात करतात. म्हणजे जो सुटायला धडपडतो आहे, त्यालाच हेरून गळ टाकला जातो. दुसरं, यादीत नाव घातल्याने तलफ जात नाही. फक्त तलफ आणि कृती यांच्यामध्ये एक भिंत उभी राहते. त्या भिंतीआड मिळालेल्या वेळात उपचार, कर्जाची सोडवणूक आणि घरातलं बोलणं झालं नाही, तर माणूस भिंतीला वळसा घालतो.

म्हणूनच ब्रिटनमध्ये एकाच भिंतीवर विसंबून राहिले नाहीत. १४ एप्रिल २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आहे. काही बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखण्याचं बटण आहे, आणि ते पुन्हा उघडायचं तर ४८ तास थांबावं लागतं. फोनवर हजारो जुगारी साइट्स अडवणारी सॉफ्टवेअर आहेत. एक भिंत ओलांडता येते. तीन-चार ओलांडायला वेळ लागतो, आणि तलफेला तेवढा धीर नसतो.

आपल्याकडे काय आहे

आपल्या देशात स्व-बंदीची अशी राष्ट्रीय यादी नाही. बंदीपूर्वी काही ॲपमध्ये खातं थोपवण्याची सोय होती, पण ती त्या-त्या ॲपपुरती. एकातून बाहेर पडलेल्याला दुसऱ्याच्या जाहिराती सुरू होत. आता उघड ॲप बंद झाली आणि मागे उरली ती परदेशातून चालणारी, ज्यांना ना वयाची अट ना मर्यादेची. त्यांच्यावर आपली कोणतीही नोंदवही चालणार नाही, हे खरं आहे. म्हणून कोणी म्हणेल, बंदी असताना स्व-बंदी कशाला? त्याला माझं उत्तर असं, की सगळाच जुगार बंद झालेला नाही.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या डोळ्यांदेखत १९६० च्या दशकात मुंबईचा मटका वाढला आणि गिरणगावापासून गल्लीबोळांपर्यंत पोचला. त्याच दशकात, १९६९ मध्ये, राज्य सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. ती आजही चालू आहे. घोड्यांच्या शर्यती कायदेशीर आहेत. राज्यात कॅसिनो नाहीत; १९७६ साली केलेला आणि कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द झाला. पण सावंतवाडी ओलांडली की गोवा, आणि पणजीत मांडवी नदीत दिव्यांनी झगमगणारी कॅसिनोची जहाजं. गोवा सरकारने २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत जायला मनाई केली. आपल्या घरचं नुकसान होऊ नये, हे तिथल्या सरकारला कळतं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याहून शनिवार-रविवारी गाडी काढून जाणाऱ्या तरुणाला मात्र ही मनाई लागू नाही. तो पर्यटक आहे. त्याने किंवा त्याच्या आईने उद्या सांगितलं की याचं नाव लिहून ठेवा आणि याला आत घेऊ नका, तर तो अर्ज द्यायचा कुठे?

हराम म्हणून गप्प

आता आपल्या घरातलं बोलू. हराम हा शब्द आपल्याकडे दोन कामं करतो. अनेकांना तो पहिला डाव खेळण्यापासूनच अडवतो, आणि ही त्याची मोठी देणगी आहे. पण जो एकदा आत गेला, त्याच्यासाठी तोच शब्द तोंडाला कुलूप होतो. दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास येतो. फोनवर पैसे लावणारा मुलगा तरावीहच्या सफमध्ये शेजारी उभा असतो आणि कोणाला कळत नाही. कळतं तेव्हा बहिणीच्या लग्नाचं सोनं गहाण पडलेलं असतं आणि कर्ज देणाऱ्या ॲपची माणसं नातेवाइकांना फोन करत असतात. बहुतेक घरांत हे अम्मीला किंवा बायकोला सर्वांत शेवटी कळतं, आणि सगळ्यात जास्त भरतात त्याच.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानाच्या पुस्तकात जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो व्यसनी वर्तनाचा विकार म्हणून आहे. त्यामुळे गुनाह हा गुनाह राहत नाही, असं कोणी म्हणत नाही. गुनाहसाठी तौबा आहे, आजारासाठी इलाज आहे, आणि एकाच माणसाला दोन्हींची गरज असू शकते.

काही जणांना स्व-बंदी ही इमान कमजोर असल्याची कबुली वाटते. इमान असेल तर कुलूप कशाला, असं ते म्हणतात. मला हे उलट दिसतं. तौबेच्या शर्तींमध्ये पुन्हा तिकडे न वळण्याचा पक्का इरादा आहे, आणि इरादा पक्का असेल तर माणूस त्याची सोयही करतो. आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. फोनला कुलूप लावणं म्हणजे उंट बांधणंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुगाऱ्यांची यादी सरकारकडे असणं धोक्याचं नाही का? आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे मला माहीत आहे, की जी यादी तयार होते ती कधीतरी फुटू शकते. अशी यादी उद्या नोकरी देणाऱ्याच्या, कर्ज देणाऱ्याच्या किंवा सोयरीक जुळवणाऱ्याच्या हाती लागली तर मदत मागणंच महाग पडेल; मुसलमान नाव असलेल्या मुलाला ते आणखी महाग पडेल. म्हणून यादीची रचना अशी हवी की जुगार चालवणाऱ्याला फक्त 'याला आत घ्यायचं की नाही' एवढंच उत्तर मिळावं, पूर्ण यादी कधीच मिळू नये. मुदत संपून नोंद काढल्यावर माहिती पुसली जावी, आणि पोलिसांसकट कोणालाही ती दुसऱ्या कामासाठी वापरता येऊ नये. तांत्रिकदृष्ट्या हे जमण्यासारखं आहे. लागते ती इच्छा.

आज काय करता येईल

कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. त्या पार्सलवाल्या मुलासोबत मी बसलो, तेव्हा आम्ही एक-एक भिंत उभी करत गेलो. त्याच क्रमाने इथे लिहितो.

पहिली भिंत पैशाची. पगार जमा झाल्याच्या दिवशीच घरखर्च सोडून बाकी रक्कम अम्मीच्या किंवा विश्वासू भावाच्या खात्यात आपोआप जावी अशी सूचना बँकेला देता येते. रोजच्या खर्चासाठी २०२४ पासून 'यूपीआय सर्कल' ही सोय आहे. त्यात खातं घरच्या माणसाचं असतं आणि तुम्ही त्यावरून पैसे देता. एका प्रकारात महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजारांपर्यंतच जाऊ शकतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक व्यवहाराला घरच्या माणसाची मंजुरी लागते. ही सोय लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी म्हणून ओळखली जाते, पण व्यसनातून बाहेर पडणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी आहे. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात. क्रेडिट कार्ड परत करून टाकावं.

दुसरी भिंत फोनची. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे ते ग्रुप सोडून, लिंक पाठवणारा नंबर अडवून टाका. जुगारी साइट्स रोखणारं सॉफ्टवेअर टाका आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. पासवर्ड स्वतःकडे ठेवला तर ती भिंत नाही, पडदा आहे.

तिसरी भिंत माणसांची. सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारा दवाखाना २०१४ पासून चालतो. आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची पायरी चढायला लाजू नका. लाज वाटलीच, तर कोणाला तरी सोबत न्या.

घरच्यांना एक विनंती. कर्ज फेडायला पैसे हातात देऊ नका. फेडायचं असेल तर थेट देणेकऱ्याला द्या, आणि त्याआधी वरच्या भिंती उभ्या आहेत का ते पाहा. जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जदारही आहे. गुनाहातून झालेल्या कर्जासाठी अनेक फकीहांनी आधी तौबेची अट घातली आहे. बैतुलमाल चालवणाऱ्या कमिट्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणाव्यात. स्व-बंदीची व्यवस्था आणि उपचार सुरू झाले, की कर्जाच्या सोडवणुकीला हात द्यावा. मात्र कोणाचंही नाव माइकवरून जाहीर होऊ नये. दुसऱ्याचा ऐब झाकणं हाही दीनच आहे.

मागणी

या महिन्यात आपण तीन गोष्टी मागायला सुरुवात करू शकतो. महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी मिळून कॅसिनोंसाठी स्व-बंदीची एक यादी करावी. तीत कोणत्याही राज्याच्या नागरिकाला नाव नोंदवता यावं, आणि घरच्यांचा अर्ज दोन्ही बाजू ऐकून निकाली काढला जावा. यादीतला माणूस आत सापडला तर दंड कॅसिनोला व्हावा, त्या माणसाला नव्हे. प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये अनोळखी खात्यावर पैसे पाठवण्याआधी काही तास थांबवणारं बटण असावं, जे ग्राहक स्वतः लावून घेईल. आणि राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जुगाराच्या व्यसनावरच्या उपचारांना मिळावा.

इस्लामपूर्व अरबस्तानातल्या मैसिरबद्दल तफसीरकार सांगतात, की बाणांवर डाव लावून उंट कापला जाई आणि त्याचं मांस गरिबांना वाटलं जाई. म्हणजे जुगाराला दानधर्माची झालर तेव्हाही होती. सूरह बकरामध्ये त्या फायद्याची दखल घेऊनच नुकसान त्याहून मोठं असल्याचा निर्णय दिला आहे. तो निर्णय आपण सगळे मानतो. ज्याच्या वाट्याला ते नुकसान आलं, त्याला बाहेर यायला मदत करणं हे आता आपलं काम आहे. पुढच्या जुम्म्याला तुमच्या मशिदीच्या कमिटीशी याबद्दल बोला, आणि १४४१६ हा क्रमांक नोटीस बोर्डावर लावून या.